कंबर धरू नये म्हणून : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावात. रोप लावणीच्या दिवसांत आणि पुन्हा सुगीत कंबर धरून येणाऱ्यांची रीघ लागते, आणि विचारतात तेही बहुतेक तेच तेच. तपासताना घाईत दिलेली उत्तरं घरी जाईपर्यंत निम्मी विसरली जातात, म्हणून ती इथं सावकाश लिहिली आहेत.

दिवसभर शेतात राबतोय की आम्ही. मग वेगळा व्यायाम कशाला?

माझी आईही हेच म्हणायची. कष्टानं अंग बळकट होतं यात शंका नाही, पण जेवढा भाग राबतो तेवढाच. वर्षानुवर्षं भांगलण केलेल्या बाईचे हात आणि पोटऱ्या बघा, पोलादी असतात. तिलाच कुशीवर झोपवून कोपरावर अंग उचलून धरायला सांगितलं, तर पाच सेकंदांत थरथरायला लागते. तिचं काम सगळं पुढं वाकण्याचं. पाठ ताणलेली, पोट सैल सुटलेलं, कुल्ल्यांच्या स्नायूंना तर कामच नाही.

चैत्रात जोतिबाला सासनकाठी नाचवताना पाहिली असेल. एवढी उंच काठी उभी राहते ती खालच्या माणसाच्या ताकदीवर जेवढी, तेवढीच चारी बाजूंनी धरलेल्या दोरांवर. एक दोर सैल सुटला की काठी कलते आणि सगळा भार बाकीच्यांवर येतो. कंबरेतले पाच मणके तसेच आहेत. मागं पाठीचे स्नायू, पुढं पोटाचे, दोन्ही कुशींचे, आणि खाली पाया म्हणून कुल्ल्यांचे. शेतातलं काम एकच दोर ओढतं. व्यायाम बाकीचे तीन ताणून घट्ट करतो. रोज पंधरा मिनिटं मी मागते ती एवढ्यासाठी.

उसण भरते म्हणजे आत नेमकं काय होतं?

बहुतेक वेळा स्नायूला किंवा मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधांना इजा झालेली असते आणि आजूबाजूचे स्नायू तो भाग हलू नये म्हणून आवळून धरतात. दुखतं भयंकर, खाटेवरून उठवत नाही, पण बहुतेकांचं दुखणं सहा आठवड्यांच्या आत ओसरतं. "गादी सरकली" असं जे सर्रास म्हणतात ते दर वेळी खरं नसतं. आणि दोन मणक्यांमधली ही गादी काही जागेवरून घसरत नाही. तिच्या बाहेरच्या कड्यांना चीर पडून आतला मऊ भाग फुगतो किंवा बाहेर येतो. तो शिरेवर दाबला तर कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत, वीज गेल्यासारखी कळ जाते. ती सायटिका. तीसुद्धा बहुतेकांची ऑपरेशनशिवाय बरी होते.

आधी दवाखाना गाठायला हवा, असं दुखणं ओळखायचं कसं?

हे उत्तर कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. लघवी अडली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला, म्हणजे खोगिरावर बसल्यावर जो भाग टेकेल तो, बधिर झाला, पाऊल लुळं पडून चप्पल पायातून निसटायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं आहे. शीर दबून राहिली तर तासातासानं नुकसान वाढत जातं आणि ते मागाहून भरून येत नाही.

दुसरा प्रकार सावकाश वाढणारा. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ. आपल्याकडं मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो आणि तो "कंबरदुखी" म्हणून महिनोन्‌महिने चोळला जातो. क्षयरोगाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असणं, यांतही आधी तपासणी करा, व्यायाम नंतर.

कंबर धरली की झोपून राहायचं ना?

एक-दोन दिवस, फार तर. आई चाळिशीत असताना तिला उसण भरली आणि एका डॉक्टरांनी तीन महिने फळीवर झोपून राहायला सांगितलं. घरानं तो सल्ला देवाच्या आज्ञेसारखा पाळला. तीन महिन्यांनी आई उठली तेव्हा दुखणं थोडं कमी होतं आणि ताकद पार गेली होती. अर्धी बादली पाणी उचलताना तिचे पाय कापत होते. मी तेव्हा दहावीत होते. पडून राहणं हे औषध नाही हे आज जगभर मान्य झालंय. मला ते आमच्या परसातल्या त्या बादलीनं आधी शिकवलं.

पहिल्या दिवशी कुशीवर, गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन झोपा, नाहीतर पाठीवर, गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी ठेवून. दर तासाला उठून अंगणात चार फेऱ्या मारा. गरम पाण्याच्या पिशवीनं बरं वाटत असेल तर जरूर शेका. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मनानं आठवडाभर खात राहू नका, विशेषतः ब्लडप्रेशर, किडनी किंवा पोटाचा त्रास असेल तर.

पायाळू माणसाच्या पायानं उसण जाते म्हणतात, खरं का?

आमच्या गल्लीत पायाळू म्हणून जन्मलेल्या एका मामांकडं लोक आजही पहाटे येतात. मामा अगदी हलका पाय लावतात, आणि त्यानं कुणाला अपाय झालेला मी पाहिला नाही. उसण बहुधा आपणहून उतरत असते, श्रेय पायाला मिळतं. पण "कंबर काढून देतो" म्हणून गुडघा रोवून जोरात पिळणारे आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. वयस्क बाईची हाडं ठिसूळ असतील तर मणका मोडू शकतो.

व्यायाम नेमके कोणते? सगळे सांगा.

सगळे नाहीत, पुरे पडतील तेवढे सांगते. यातले तीन कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्यावर आयुष्यभर संशोधन केलेल्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी मांडलेले आहेत. जगभर फिजिओथेरपिस्ट ते वापरतात, कारण मणके फार न वाकवता स्नायूंना ताकद देतात.

सगळ्यात आधी काठीचा. खोऱ्याचा दांडा किंवा सरळ काठी पाठीवर उभी धरा, अशी की डोक्याचा मागचा भाग, खांद्यांची मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकेल. गुडघे किंचित सैल. आता कुल्ले मागं न्या, पाठीमागचं दार कुल्ल्यानं ढकलून लावताय असं. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून वाकलात. माकडहाडापासून सुटली तर कंबरेतून. दहा वेळा करा. दिसायला अगदी किरकोळ वाटतो, पण मला एकच व्यायाम शिकवायची मुभा दिली तर मी हाच शिकवीन, कारण पुढं पोतं उचलताना, चुलीपुढं वाकताना, न्हाणीत बादली धरताना तोच उपयोगी पडतो.

दुसरा चार पायांवरचा. सतरंजीवर हात आणि गुडघे टेका. उजवा हात पुढं, डावा पाय मागं, दोन्ही जमिनीला समांतर. दहा सेकंद धरा, मग बाजू बदला. कंबर डुलता कामा नये. माझ्याकडच्या बायकांना मी कंबरेवर पाण्याची वाटी ठेवायला लावते. पहिल्या दिवशी सतरंजी भिजते, दोन आठवड्यांनी वाटी हलतसुद्धा नाही, आणि तो क्षण त्यांच्या चेहऱ्यावर बघण्यासारखा असतो.

तिसरा कुशीचा. कुशीवर झोपून कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे दुमडलेले. कंबर उचलून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ रेघ करा. दहा सेकंद. जमायला लागल्यावर पाय सरळ करून करा. खांदा दुखत असेल तर भिंतीला कोपर टेकून उभ्यानं करा.

चौथा पोटाचा. पाठीवर झोपा, एक गुडघा दुमडलेला, एक पाय सरळ, दोन्ही तळहात कंबरेच्या पोकळीखाली. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचला, तळहातांवरचा दाब बदलू न देता. जास्त वर यायचं नाही. श्वास रोखायचा नाही.

पाचवा कुल्ल्यांचा. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे दुमडा, टाचा जमिनीत रोवा आणि कुल्ले आवळत वर उचला. ताण मांडीच्या मागं पेटक्यासारखा जाणवला तर टाचा थोड्या जवळ घ्या.

आणि चालणं. ते व्यायामात धरत नाहीत लोक, मी धरते. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ जण होते. ज्यांना टप्प्याटप्प्यानं चालायला लावलं त्यांचं दुखणं परत येईपर्यंत साधारण २०८ दिवस गेले, बाकीच्यांचं ११२ दिवसांत परतलं. औषध नाही, यंत्र नाही, फक्त चालणं.

किती वेळा करायचे आणि फरक कधी पडेल?

काठीचा सांगितला तसा दहा वेळा. बाकी प्रत्येक व्यायाम दहा सेकंद धरायचा. आधी सहा वेळा, थोडा दम खाऊन चार वेळा, मग दोन वेळा. ताकद वाढली की वेळ वाढवू नका, वेळा वाढवा. बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांत फरक कळतो. पंधरा दिवसांत "काय होईना" म्हणून सोडणारे फार, म्हणून आधीच सांगितलं. करताना स्नायू भरून आले तर चालेल, पण कळ पायात उतरायला लागली तर तो व्यायाम थांबवून दाखवायला या.

पहाटे उठल्या उठल्या करू का?

नको. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो ते त्यामुळंच. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळा. त्या वेळी चालून घ्या, व्यायाम त्यानंतर. अडचण अशी की आपल्याकडं सडा, शेण काढणं, धारा ही सगळी वाकायची कामं नेमकी त्याच तासात येतात. लांब दांड्याचा खराटा आणि धारेला बसायला छोटा पाट, एवढं तरी घरातल्या बाईला आणून द्या.

पोतं, घागर, शेणाची बुट्टी कशी उचलायची?

ओझं किती यापेक्षा ते अंगापासून किती लांब, याला जास्त महत्त्व आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर ओढतात. वीस किलोची बुट्टी पन्नास सेंटिमीटर लांब धरली तर ती दहापट लांब झाली, म्हणजे तिच्यासाठीच पाठीला दोनशे किलोचा जोर लावावा लागतो. तीच पोटाशी, पंचवीस सेंटिमीटरवर धरली की शंभर. वाकलेल्या धडाचं वजन आणखी वेगळं. म्हणून शेणाची बुट्टी लुगडं खराब होईल म्हणून लांब धरायची सवय मोडा. जुनं गोणपाट पोटाला बांधा आणि बुट्टी अंगाशी घ्या.

अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असताना एकट्यानं उचलायची मर्यादा २३ किलो धरली आहे. आपलं युरियाचं पोतं ४५ किलो, डीएपी आणि सिमेंटचं ५०. म्हणजे ही पोती दोघांनी उचलायची आहेत, हा मऊपणा नव्हे. एकट्यालाच उचलायचं असेल तर जमिनीवरून उचलू नका. ट्रॉलीच्या कडेवर, कट्ट्यावर, गुडघ्याच्या वरच्या उंचीला पोतं असू द्या. पाय फाकवा, खुब्यातून वाका, पोट कुणी बुक्की मारणार आहे असं घट्ट करा, मग उचला. वळायचं असेल तर पाय वळवा. ओझं हातात आणि कंबरेतून पीळ, या जोडीनं मी सगळ्यात जास्त कंबरा मोडलेल्या पाहिल्या आहेत.

भात लावणीत तर वाकावंच लागतं, तिथं काय करणार?

वाकावं लागतंच. गुडघाभर चिखलात खाली बसता येत नाही, हे मी स्वतः केलंय. पण दोन गोष्टी हातात आहेत. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू काम सोडतात आणि धड नुसतं बंधांवर लोंबतं. अशा वीस मिनिटांनंतर बंध सैलावतात, आणि उभं राहिल्यावर दोन मिनिटांत त्यातलं जेमतेम निम्मं सावरतं, पुरतं सावरायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी एकीनं हाळी द्यावी आणि सगळ्या ओळीनं सरळ उभं राहावं, हात कंबरेवर ठेवून सावकाश पाच वेळा मागं झुकावं. लावणीची गाणी म्हणता ना, प्रत्येक गाणं संपलं की उभं राहायचं, एवढं ठरवलं तरी काम झालं.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. लावणीतून बाहेर येऊन लगेच रोपांची ओली जुडी किंवा खताचं पोतं उचलायचं नाही. बंध सैल असताना टाकलेलं ओझं सरळ गादीवर जातं. आधी बांधावर थोडं चाला, चहा घ्या, मग उचला. मुकादम किंवा मालक हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, ही पाच मिनिटं कामातून गेलेली नाहीत.

मी निपाणीला बिड्या वळते. वाकत नाही, उचलत नाही, तरी कंबर का दुखते?

मांडीवर सूप, मान खाली, पाठीला बाक, आणि हजार बिड्या पुऱ्या होईपर्यंत तशीच बैठक. हे लावणीसारखंच आहे, फक्त बसून. भिंतीला टेकून बसा आणि कंबरेच्या पोकळीत लुगड्याची घडी ठेवा. कुल्ल्यांखाली चार बोटं जाडीची उशी घेतली की गुडघे खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. दर पन्नास बिड्यांना एकदा उभं राहा. वडगाव, शहापूरला मागावर बसणाऱ्यांना आणि शिवणकाम करणाऱ्यांनाही हेच लागू.

तालमीत जोर-बैठका मारतो. चालतात का? आणि भरतीसाठी सिट-अप?

बेळगावला तालमींची आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राची परंपरा, त्यामुळं हा प्रश्न मुलं फार विचारतात. बैठका उत्तम, पाय आणि कुल्ले दोन्ही बळकट होतात. जोर निरोगी पाठीला चालतात. कंबर दुखत असताना मात्र त्यातला खाली जाऊन कमानीसारखा वर येण्याचा भाग थांबवा, साधे पुश-अप काढा. शंभर-शंभर सिट-अप मी बंद करायला सांगते. प्रत्येक वेळी मणके पूर्ण वाकतात आणि गादीवर दाब येतो. सैन्य भरतीच्या मैदानात १.६ किलोमीटर धावणं, पुल-अप, ९ फुटी खड्डा आणि झिगझॅग पट्टीवरचा तोल बघतात. मग सिट-अपसाठी पाठ कशाला खर्ची घालायची? त्याऐवजी वरचा चौथा व्यायाम आणि कुशीचा करा, धावतानाही धड स्थिर राहील.

पट्टा बांधला तर?

दुखणं ताजं असताना दोन-चार दिवस आधार वाटत असेल तर बांधा. दुखू नये म्हणून रोज बांधण्यात फायदा दिसलेला नाही. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून पाहिले, त्यात व्यायाम आणि उचलण्या-वाकण्याचं शिक्षण दोन्ही मिळालेल्यांमध्ये पुन्हा दुखण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी निघाला. पट्ट्यानं तसं काही झालं नाही.

एमआरआयमध्ये "डिस्क बल्ज" आलंय. आता जन्मभर जड उचलायचं नाही?

तो कागद हातात घेऊन रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून आकडा सांगते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन काढले तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या ८४ टक्के लोकांत असा गादीचा फुगवटा निघाला. केस पांढरे होतात तशा गाद्याही जुन्या होतात. तुमचं दुखणं आणि तपासणी त्या चित्राशी जुळते का, हे डॉक्टर सांगतील. नुसत्या चित्रावरून आयुष्य आखू नका. ताकद परत आली की जडही उचलता येतं, टप्प्यानं.

जमिनीवर झोपणं चांगलं का?

सवय असेल आणि सकाळी बरं वाटत असेल तर चांगलंच. मुद्दाम फळीवर झोपण्यात फायदा नाही. मध्यम घट्ट गादी बहुतेकांना मानवते.

बाळंतपणानंतर कधी सुरू करू?

चालणं आणि श्वास सोडताना पोट आत ओढणं पहिल्या काही दिवसांतच, बाकीचे व्यायाम साधारण सहा आठवड्यांनी, सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून. बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरच ठेवणाऱ्या आज्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तिला घरातल्या घरात चालू द्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलतात, नीट सांगता येत नाही.

लाजू नका. "सोंट नोवु" म्हणजे कंबरदुखी, "बेन्नु नोवु" म्हणजे पाठदुखी, "कालु" म्हणजे पाय. कळ कुठून कुठं जाते ते बोटानं दाखवा. लघवी अडली असेल किंवा पाय बधिर असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, सोबत कन्नड येणारं कुणी असेल तर त्यांना तेवढं वाक्य पाठ करून ठेवायला सांगा.